'बघू की' म्हणायच्या आधी: कामावर आणि घरात बोलण्याची जुनी वळणं मोडायची कशी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीच्या डिस्पॅचमध्ये मला 14 वर्षं झाली. घर शहापूरला, माहेर खानापूर तालुक्यात. सासरी आत्ती (सासूबाई), मामंजी (सासरे), धाकटे दीर, जाऊ आणि आमची चौघं. दिवसभर फोनवर गिऱ्हाईक, ड्रायव्हर, शॉपफ्लोअरचे सुपरवायझर. मराठी, कन्नड, हिंदी, मधूनच मोडकं इंग्रजी. एवढं बोलणाऱ्या बाईला एक शब्द तेवढा जमत नव्हता, तो म्हणजे 'नाही'. त्या जागी मी 'बघू की' म्हणत होते.

आपल्या बेळगावात हा शब्द फार गोड आहे. त्यानं कुणी दुखावत नाही. ऐकणारा त्याला 'हो' धरतो, बोलणारी 'नाही' धरून निघून जाते, आणि हिशेबाची वेळ आली की दोघंही खरेच असतात. कन्नडमध्ये त्याचा सख्खा भाऊ आहे, 'नोडोण री'. म्हणजे खोड एका भाषेची नाही, ह्या मातीचीच आहे.

फौंड्रीतल्यांना पॅटर्न म्हणजे काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगते. जी वस्तू ओतायची तिचा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा करतात, नमुना काढून घेतात आणि पोकळीत धातूचा रस ओततात. पॅटर्नला एका कोपऱ्यावर चीर असेल तर निघणाऱ्या प्रत्येक कास्टिंगवर त्याच कोपऱ्यावर तोच दोष येतो. ग्राइंडर घेऊन शंभर नग घासता येतात, पण एकशे एकाव्यावर पुन्हा तेच. मी घरातली भांडणं कितीतरी वर्षं अशी एकेक करून घासत होते. पॅटर्न शॉपकडे कधी गेलेच नाही.

पुढे लिहिलंय ते मी एका समुपदेशक बाईंकडून, कंपनीतल्या एका ट्रेनिंगमधून आणि बरंचसं तोंडावर आपटून शिकले. ज्यांना सुरुवात कुठून करायची कळत नाही, त्यांच्यासाठी आहे. भाषेचा जो प्रश्न इथं तापतो तो ह्या लेखात नाही. तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लागणारं सामान

- खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी छोटी वही. फोनमध्ये लिहू नका, फोन घरात कुणाच्याही हातात जातो.
- पेन, तेही वहीलाच अडकवलेलं.
- घड्याळ. का ते सहाव्या पायरीत येईल.
- कामावरची चालू असलेली रजिस्टरं: जॉब कार्ड, डिस्पॅच रजिस्टर, शिफ्टची वही. नवीन काही करायला नको, तीच नीट भरायची.
- घराबाहेरचं एक माणूस, जे तुमची बाजू न घेता ऐकेल. बहीण नको, ती बाजू घेणारच. मला आमच्या परचेसमधल्या मॅडम मिळाल्या.
- दोन महिने. आठ दिवसांत फरक दिसला तर समजा, अजून काही बदललेलं नाही, तुम्ही फक्त उत्साहात आहात.

पायरी 1: आठ दिवस नुसतं लिहा

वहीच्या पानाचे चार रकाने करा: कोणाशी, मी काय म्हटलं, मला खरं काय म्हणायचं होतं, पुढे काय झालं. दिवसाला तीन-चार नोंदी पुरे. ह्या आठ दिवसांत सुधारायचं काहीच नाही.

माझ्या वहीतल्या दोन ओळी जशाच्या तशा (कोअर शॉप म्हणजे पोकळ नगांसाठी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे जिथं करतात तो विभाग):

"प्लॅनिंगचे साहेब. मी: होतंय की. खरं: कोअर शॉपला दोन माणसं नाहीत, शुक्रवारी होणार नाही. पुढे: शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन, साहेब माझ्यावर, मी कोअर शॉपवर."

"जाऊ. मी: मला काय, चालतंय. खरं: चालत नाही, रविवारी मलाही झोपायचंय. पुढे: काही नाही. (नंतर आत्तींसमोर भांडी आपटली.)"

आठ दिवसांत 31 नोंदी झाल्या. त्यातल्या 19 ठिकाणी मी 'नाही' गिळला होता. मला तोवर वाटायचं, माझी अडचण म्हणजे माझा राग. वहीत राग सगळ्यात शेवटच्या रकान्यात येत होता, पहिल्या दोन्हींत नव्हताच.

इथं फसू नका: वही दुसऱ्यांच्या चुकांची यादी होऊ लागते. दुसऱ्या रकान्यात "मी" सोडून दुसऱ्या कुणाचं वाक्य आलं की ती ओळ खोडा.

पायरी 2: तुमचं वळण कुठून कुठं जातं ते शोधा

वळणं तशी सगळ्यांच्या ओळखीची आहेत. 'बघू की', अबोला, तिसऱ्याकडून निरोप, टोमणा, आणि शेवटी जुनी प्रकरणं उकरणं. मी त्यांना पाच वेगळे दोष समजत होते. वहीनं दाखवलं की ती एकाच नगाची पाच टोकं आहेत. उदाहरण माझंच घ्या.

आत्तींच्या माहेरच्या गावी लक्ष्मीची यात्रा होती. ह्या यात्रा बऱ्याच वर्षांनी भरतात, घराघरात पाहुणे, आणि थोरली सून नसणं म्हणजे गावाला उत्तर द्यावं लागतं. आत्तींनी विचारलं, "दोन दिवस आधी येशील न्हवं?" मार्चअखेर होती. डिस्पॅचला मार्चअखेर रजा मिळत नाही हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. मी म्हटलं, "बघू की आत्ती."

त्यांनी भावांना सांगून टाकलं, थोरली येणार. मी यात्रेच्या दिवशी संध्याकाळी पोचले. त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या मुलीला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, डबा भरलाय." मी समोरच उभी होते. मी बेसिनमधल्या पातेल्याला ऐकवलं, "आम्ही काय बाबा, नोकरदार माणसं." गणपतीत आरास कुणी करायची यावरून खटका उडाला तेव्हा यात्रा बाहेर आली, यात्रेबरोबर माझ्या बाळंतपणातलं काहीतरी आलं, आणि माझे मालक (म्हणजे नवरा) दोघींच्या मध्ये उभे राहून म्हणाले, "ह्याचा आराशीशी काय संबंध?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. मार्चमध्ये पाच सेकंदांत सांगायचा 'नाही' मी भाद्रपदापर्यंत हप्त्याहप्त्यानं फेडला.

तुमच्याकडे सुरुवात दुसरीकडून होत असेल. काहींचं वळण लगेच तोंड टाकण्यापासून सुरू होतं, काहींचं सगळ्यांची कामं अंगावर घेऊन मग "मीच मरायचं" म्हणण्यापासून. वहीतल्या एका मोठ्या भांडणापासून मागे मागे जा आणि पहिली हुकलेली जागा गाठा. दुरुस्ती तिथं करायची.

पायरी 3: 'नाही' म्हणायला शिका, पण रिकामा देऊ नका

नुसता 'नाही' आपल्याकडे उर्मट वाटतो, आणि वाटणारच. पुण्याहून आलेले एक साहेब "नाही जमणार" म्हणून फोन ठेवत. तीन महिन्यांत त्यांना चहाला कोणी बोलवेना. त्यामुळे तीन तुकड्यांत सांगा: काय जमणार नाही, एक कारण, आणि काय जमेल.

"आत्ती, दोन दिवस आधी यायला मला जमणार नाही, मार्चअखेर आहे. यात्रेच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं येते आणि दुसऱ्या दिवशी भांडी आवरूनच परत फिरते."

"साहेब, शुक्रवारी अडीचशे नग जात नाहीत, कोअर शॉपला माणसं कमी आहेत. दीडशे शुक्रवारी, शंभर मंगळवारी."

आधी हाक, मग 'नाही'. हाक असली की अर्धा बोचरेपणा जातो. अण्णा, अक्का, मामा, काही असो.

खरंच विचारून सांगायचं असेल तर 'बघू की'ला वेळ जोडा: "उद्या अकराला सांगते." मग अकराला सांगायचं, उत्तर तयार नसलं तरी "अजून नाही, चारला सांगते" एवढं तरी सांगायचं.

दोन खड्डे. एक, तीन-तीन कारणं देऊ नका. समोरचा सगळ्यात कच्चं कारण उचलतो आणि ते सोडवून दाखवतो. मग तुम्ही अडकलात. दुसरा, 'काय जमेल' हा तुकडा लाजेखातर फुगवू नका. मी पहिल्या महिन्यात 'नाही' म्हणायला शिकले आणि भरपाई म्हणून दुप्पट कबूल करत सुटले.

पायरी 4: 'झालं' म्हणजे नक्की काय झालं?

ही पायरी कामावरची आहे आणि सीमाभागात ती वेगळी लिहावीच लागते.

कन्नडमधल्या 'आयतु'चे दोन अर्थ आहेत: 'झालं' आणि 'बरं, ठीक'. कोणी 'आयतु री' म्हणतं, कोणी नुसतं 'आत'. आपलं मराठी 'झालं'ही तसंच फसवं. एकदा मी लोडिंगच्या माणसाला फोनवर विचारलं, "हुबळीची गाडी?" तो म्हणाला, "आयतु री." मी गिऱ्हाइकाला सांगितलं, माल निघाला. गाडी अजून काट्यावर रिकामी उभी होती. त्याला म्हणायचं होतं, 'बरं, करतो.' खोटं तो बोलला नव्हता आणि मीही नव्हते.

दुसरा शब्द 'परवा', आणि हा तर शुद्ध मराठी. कन्नडमध्ये येणाऱ्या परवासाठी 'नाडिद्दु' आणि गेलेल्या परवासाठी 'मोन्ने' असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हीकडे एकच. बोलताना क्रियापदावरून कळतं, पण मेसेजमध्ये "माल परवा" एवढंच लिहिलं तर माल गेला की जायचाय? आमच्या खात्यात आता 'परवा' लिहायला बंदी आहे. तारीख लिहायची.

हे नुसतं नगांच्या हिशेबाचं नाही. 27 मार्च 1977 ला तेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट विमानं धावपट्टीवरच आदळली आणि 583 माणसं गेली. कारणं बरीच होती, पण त्यातलं एक म्हणजे वैमानिकाकडून आलेलं "आम्ही आता उड्डाणाच्या..." अशा अर्थाचं मोघम वाक्य आणि टॉवरकडून त्याला आलेलं "ओके". एकानं त्याचा अर्थ 'निघालो' असा घेतला होता, दुसऱ्यानं 'तयार आहोत' असा. त्यानंतर विमानांच्या बोलण्याचे शब्द आणखी काटेकोर झाले. महत्त्वाची सूचना मिळाली की नुसतं "ओके" न म्हणता ती परत म्हणून दाखवायची, यावर जोर आला.

तेच आपण करायचं:

- प्रश्न असा विचारा की 'आयतु' हे उत्तर चालणारच नाही. "झालं काय?" नको. "गाडीत किती नग चढले?" विचारा.
- काम सांगितल्यावर "कळलं काय?", "तिळितेनरी?" विचारू नका. सगळे हो म्हणतात, मीही म्हणते. "मी काय सांगितलं ते एकदा सांगा, माझंच चुकलं असेल" असं म्हणा. शेवटचा तुकडा महत्त्वाचा, नाहीतर माणसाला परीक्षा घेतल्यासारखं वाटतं.
- आकडा, तारीख, गाडी नंबर बोलून झाल्यावर लिहूनही पाठवा.

पॅटर्न मेकर पॅटर्न नगापेक्षा थोडा मोठा करतो, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण 10 मिलिमीटर आकसतं. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना सूचनाही आकसते. म्हणून दोन शब्द जास्त घालूनच सांगा.

बाहेरून इथं नोकरीला आलेल्यांसाठी तीन बारीक गोष्टी. कन्नड बोलताना शेवटचा 'री' विसरू नका. तो नसला तर तेच वाक्य आदेशासारखं लागतं. दोस्तांच्या तोंडचा 'बे' म्हणजे शिवी नव्हे, पण तुम्ही नवीन असताना वापरू नका. आणि इथल्या बायका "मी आलो", "मी जातो" म्हणतात. मीसुद्धा घरी तसंच बोलते, लिहिताना तेवढं 'आले-गेले' येतं. आमच्याकडे आलेल्या एका नव्या मुलानं फोन ठेवून विचारलं होतं, "मॅडमकडून बोलणारे ते साहेब कोण?"

पायरी 5: निरोप्याला सुट्टी द्या

दोन माणसांतला ताण वाढला की तिसरं माणूस ओढलं जातं. कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन ह्याला त्रिकोण म्हणायचे. आपल्याकडे ह्या त्रिकोणाचा तिसरा कोन बहुतेक वेळा घरातलं शाळकरी पोर असतं, नाहीतर ऑफिसातला शिपाई.

आमच्या घरात ती माझी मुलगी होती, तेव्हा सहावीत. वहीच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिला सांगितलं, "आजीनं निरोप दिला तर म्हण, आजी, तूच सांग की. आणि मी दिला तर मलाही तेच म्हण." पहिल्याच दिवशी तिनं मला पकडलं. मला राग आला होता, तोही वहीत लिहिला.

कोणी तुमच्याकडे निरोप घेऊन आलं तर एवढंच: "बरं झालं सांगितलंस. मी त्यांच्याशीच बोलते." आणि खरंच जाऊन बोला, त्याच दिवशी. "अमक्यानं मला सांगितलं" अशी सुरुवात मात्र करू नका, नाहीतर निरोप्या उगीच आरोपी होतो.

दोघांनाही मान्य असलेला मध्यस्थ ही वेगळी गोष्ट. वाटणी, जमीन, लग्नाची बोलणी यांत मामा-काका मध्ये बसतात आणि बसावेत. फरक एवढाच की तिथं दोघं समोरासमोर बसलेले असतात.

घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुविचार टाकून सुनेला किंवा सासूला उत्तर देणं हाही निरोपच. माझे दोन सुविचार अजून तिथं पडून आहेत.

पायरी 6: भांड्यांशी बोलणं बंद

मराठीत कर्ता गाळून टोमणा मारायची सोय फार चांगली आहे. "इथं कुणाला पडलंय!" "काही माणसांना कळतच नाही." "करावं तेवढं थोडंच." म्हणणारी गॅसकडे बघत असते, ऐकणाऱ्याला नेमकं लागतं, आणि त्यानं विचारलं तर "तुम्हाला कुठं म्हटलं?" हे उत्तर तयार. ऑफिसात ह्याचं रूप म्हणजे सगळ्यांना पाठवलेला मेसेज: "काही लोक वेळेवर येत नाहीत."

त्याऐवजी वाक्यात दोन माणसं ठेवा, तुम्ही आणि ते, आणि एकच घटना. थॉमस गॉर्डन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात पालकांना जे शिकवायला सुरुवात केली, ते 'मी'पासून सुरू होणारं वाक्य हेच: काय घडलं, मला काय झालं, माझं काय अडलं.

"अहो, काल तुम्ही नऊला येतो म्हणालात आणि साडेदहाला आलात. फोन नव्हता, मला काळजी लागली. उशीर होणार असेल तर एक मिस्ड कॉल द्या."

हे लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझे मालक म्हणाले, "हे काय पुस्तकातलं बोलालीस?" हसलो दोघंही. पण दुसऱ्या वेळी फोन आला.

खड्डा: "मला वाटतं तुम्ही बेफिकीर आहात" हे 'मी'चं वाक्य नव्हे. पुढे 'मला वाटतं' लावलेली ती शिवीच आहे. 'नेहमी', 'कधीच', 'तुमच्या घरचे' हे तीन शब्द आले की वाक्य थांबवा आणि पुन्हा सुरू करा.

आणि डोकं तापलंच तर

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सिॲटलमधल्या विद्यापीठात नवरा-बायकोंची बोलणी चित्रित करून, त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोकेही मोजून वर्षानुवर्षं अभ्यास केला. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणूस ऐकण्याच्या पलीकडे जातो, आणि अंग शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात, असं ते सांगतात. म्हणून घड्याळ. "मला आता बोलायचं नाही" म्हणून दार लावलं तर तो अबोला. "मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला एक चक्कर मारून येते, साडेआठला बसू" म्हटलं तर ती विश्रांती. परत येण्याची वेळ सांगितली की नाही, एवढ्यावर सगळं ठरतं. अबोल्यात समोरच्याला कळतच नाही शिक्षा किती दिवसांची आहे.

चालताना मनात उत्तरं रचू नका. मी एकदा पूर्ण चक्करभर रचत गेले आणि घरी पोचले तेव्हा निघतानापेक्षा जास्त तापले होते. आता भाज्यांचे भाव बघत जाते.

ऑफिसात फिरायला जाता येत नाही. "साहेब, रजिस्टर घेऊन येते, मग बोलू" हे वाक्य कुठंही चालतं.

पायरी 7: चुकलं की त्याच दिवशी जोडा

चुकणारच. टोमणा सुटला तर रात्रीच्या आत एवढं म्हणा: "मगाशी मी टोचून बोलले, ते चुकलं. मला म्हणायचं होतं ते असं..." 'पण तुम्हीही' जोडू नका. मोठ्यांशी असं बोलायला जड जातं. मी आत्तींना पहिल्यांदा हे म्हटलं ते त्या चपात्या लाटत असताना, पाठीमागून. त्या वळल्या नाहीत. "पीठ संपत आलंय, सांग ह्यांना," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की." मग वळल्या.

पायरी 8: ही बोलण्याची खोड आहे की जुलूम?

वरच्या सगळ्या पायऱ्या दोन्ही बाजूंना बोलायची मोकळीक आहे असं धरून आहेत. मारहाण, धमकी, पैसे किंवा फोन काढून घेणं, कामावर अंगचटीला येणं किंवा घाणेरडं बोलणं, हे चाललं असेल तर 'मी'चं वाक्य घेऊन तिथं जाऊ नका. ती तुमच्या बोलण्याची चूक नाही.

कामावर लैंगिक छळ होत असेल तर 2013 च्या कायद्यानं 10 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. माणसं कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. बरोबर ठेवा:

- तक्रारीच्या सहा प्रती
- घटनांच्या तारखा, वेळ, जागा (वहीचा इथंही उपयोग होतो)
- मेसेज, कॉल यांचे स्क्रीनशॉट
- कोणी पाहिलं असेल तर नाव-पत्ता

घरातल्या छळासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. बाईला मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो. त्यासाठी कोर्टाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. फोन: तातडीला 112, महिलांसाठी 181, कायद्याच्या मदतीला 15100. मन फारच ढासळलं असेल तर टेलि-मानस 14416, तिथं भाषा निवडता येते, मराठीही आहे, कन्नडही. पुरुषांनीही हा नंबर लिहून ठेवा. आमच्या शॉपफ्लोअरवर तो सांगितला तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघांनी वेगवेगळा येऊन पुन्हा विचारला.

पायरी 9: दुसरी वही

दोन महिन्यांनी पहिली वही संपते. टाकू नका. नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुन्यातली तीन वाक्यं उतरवा: एक जे अजून सुटत नाही, एक जे जमलं, आणि एक दुसऱ्या कुणाचं, जे आवडलं. माझ्याकडे तिसरं वाक्य लोडिंगच्या त्याच माणसाचं आहे. हल्ली तो फोन उचलल्या उचलल्या म्हणतो, "मॅडम, चाळीस चढले, वीस खाली. आयतु म्हणालो नाही मी."

पहिलं मात्र बदललेलं नाही. सोमवारी भिशीतल्या बायकांनी गोव्याच्या ट्रिपचं विचारलं आणि मी 'बघू की' म्हणून आले. वेळही सांगितली नाही. उद्या अकराच्या आत फोन करायचाय.